जावक क्रमांक ११४

"...अगं हो, शनिवारी वर्गात सगळं खोटंच वाटणार आहे. चांगलं छापून! खरं फक्त एकच, आणि ते कुठलं हे कुणाला सांगायचं नाही. हेडबाई पण आहेत ना यात, त्यांचा तर..."

धाड! वाऱ्याने दार लागलं.

दाराच्या आत समोरच्या फ्लॅटमधल्या बाई फोनवर बोलत होत्या. दाराच्या बाहेर, जिन्यातल्या दिव्याच्या बटणावर बोट ठेवून, जावककाका उभे होते. रोज सकाळी सातला जिन्यातला दिवा बंद करण्याचं काम त्यांना कुणी दिलेलं नाही. त्यांनीच ते घेतलंय. त्या बटणापाशी उभं राहिलं की चार घरांतलं नीट ऐकू येतं, हा निव्वळ योगायोग. (मी खालच्या मजल्यावर राहते आणि मला आमच्या मोरीच्या खिडकीतून सहा घरांतलं ऐकू येतं. पण मी कधी दिव्याचं निमित्त केलं नाही.)

काकांना जावककाका का म्हणतात, ते आधी सांगते. कचेरीत एकतीस वर्षं ते जावकच्या टेबलावर होते. बाहेर जाणारा कागद समोर आला की त्यावर नंबर टाकायचा, वहीत चढवायचा, पाकिटात घालायचा, चिकटवायचा. कागद वाचायचा नाही! "वाचत बसलो असतो तर सगळं तुंबलं असतं," असं ते छाती काढून सांगतात. एकदा तर खुद्द त्यांच्याच बदलीचा हुकूम त्यांनी नंबर टाकून रवाना केला. पंधरा दिवसांनी साहेबांनी "तुम्ही अजून इथे कसे?" असं विचारलं, तेव्हा त्यांना बदली कळली.

माणूस रिटायर होतो, सवय होत नाही. काकांनी घरातच जावकची वही घातलीय. गॅसवाल्याला चिठ्ठी गेली तरी नंबर, वरच्या मजल्यावर ओली बादली ठेवू नका म्हणून निरोप गेला तरी नंबर. काकू कंटाळून का होईना, आपल्या चिठ्ठ्या त्या वहीत चढवतात. तेवढाच घरात शांततेचा तास.

तर काका घरात शिरले ते बातमी घेऊनच.

"अगं ऐकलंस का? समोरच्या बाई शाळेत मुलांना खोटं वाटणार आहेत. छापून! आणि हेडबाई सामील आहेत. त्यांचा तर..."

"त्यांचा तर काय?" लाँड्रीची चिठ्ठी लिहिता लिहिता काकूंनी मान वर केली.

"तेवढ्यात दार लागलं."

"मग कान लावायचात ना दाराला!"

"लावलाच होता. दार कानालाच लागलं."

आता काकूंचं एक आहे. उसवलेली शिवण आणि अर्धवट वाक्य दिसलं की त्यांना राहवत नाही. दोन्ही त्या हाताशी असेल त्या रंगाच्या दोऱ्याने शिवून टाकतात. "त्यांचा तर हातच असणार," त्या म्हणाल्या. "हेडबाईंचा! उगाच नाही त्या परवा मला बघून हसल्या."

खरं म्हणजे घरातच चौकशी करता आली असती. त्यांची नात त्याच शाळेत आठवीत, त्याच बाईंच्या वर्गात. ती बुटाची नाडी बांधता बांधता म्हणालीसुद्धा, "आजोबा, तो आमचा पारखचा तास आहे. एआयने केलेलं काय आणि माणसाचं काय, खरं काय आणि..."

"मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये," काका म्हणाले. झालं. एवढ्या घरात ज्या एकीला पूर्ण वाक्य येत होतं, तिलाच गप्प बसवलं.

पारख हा त्या वर्षी नवाच निघालेला तास. फोनवर येणारी पत्रं, फोटो, बातम्या मुलांपुढे ठेवायच्या आणि डोळे झाकून गिळायच्या आधी त्या तपासायला शिकवायचं. बाई तरुण. नेमणूक एकाच वर्षाची. शनिवारी शाळेचे चेअरमन हा तास बघायला येणार होते. पसंत पडला तर तास राहील आणि बाईही राहतील, नाही तर दोघांनाही नारळ. हे सगळ्या जिन्याला ठाऊक होतं. काका-काकूंना तर जास्तच, कारण बाईंची जादा किल्ली त्यांच्याकडे, आणि यांची बाईंकडे.

तरीही काकांनी ठरवलं, की नागरिक म्हणून आपण शाळेला दोन ओळी लिहाव्यात. फक्त विचारणा. दोनच ओळी.

पण एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पत्रांना नंबर टाकणाऱ्याला स्वतःचं पत्र कुठून सुचणार? मुलाने वाढदिवसाला त्यांच्या फोनमध्ये ते एआय घालून दिलं होतं. काका त्याला 'आतला कारकून' म्हणायचे. फोन तोंडासमोर पावासारखा धरून ते बोलू लागले, "शाळेला पत्र लिही. वर्गात खोटं वाटतात, असं कानावर आलं आहे..."

"म्हणावं, मी आई आहे, मला कळतं!" ओट्यापासून काकू.

"...तरी खुलासा व्हावा..."

"म्हणावं, पोरांची झोप उडाली असेल! एवढ्या तेवढ्याने दचकतात पोरं!"

कारकुनाने सगळं ऐकलं. बिचाऱ्याला काका कुठे संपतात आणि काकू कुठे सुरू होतात, ते कसं कळावं? (ते आम्हालाही कळत नाही.) पापणी लवायच्या आत दीड पानाचं पत्र तयार. काकांनी ते बोटाने वरून खाली सरकवलं, जसा दुकानदार कापडाचा तागा सरकवतो, आणि म्हणाले, "भरगच्च आहे."

वाचलं? छे. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून आणलं, खाली गांडूळ सरपटत गेल्यासारखी सही ठोकली आणि वही न उघडताच आठवणीवर भरवसा ठेवून हाताने नंबर घातला: जा. क्र. ११४. मग सवयीने हात पुढे गेला आणि शेवटी लिहून झालं, 'प्रत माहितीसाठी: चेअरमन, व्हाइस चेअरमन, पालक संघ, वाचनालय.' वाचनालयाचा काय संबंध, म्हणाल तर एक पाकीट उरलं होतं.

दिवा बंद करायला गेलेला माणूस असा पाच ठिकाणी आग लावून आला, आणि दुपारी छान झोपला.

शुक्रवारी दुपारी बेल वाजली. दारात बाई. चेहरा धुतलेल्या पाटीसारखा.

"काका, तुमची किल्ली परत द्यायला आले. आणि माझी असू दे तुमच्याकडे, घरमालक मागेल तेव्हा द्या. सोमवारनंतर माझं काही खरं नाही."

"म्हणजे?"

"कुणा आईने शाळेला पत्र लिहिलंय माझ्याविरुद्ध. सही कुणाला लागत नाही, पण हेडबाई म्हणाल्या, फार भयंकर आहे. चेअरमनच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे वाचून. उद्या ते पत्र खिशात घेऊनच येणार आहेत." बाई हसायला गेल्या, ते जमलं नाही. "तास नाही आवडला, तर नाही आवडला. पण मी काय केलं, हे एकदा येऊन विचारायचं तरी होतं ना त्या आईने. नाही का हो?"

"हो ना," काका म्हणाले. "काय एकेक आया असतात!"

दार लागलं. काकू कमरेवर हात ठेवून मागे उभ्या होत्या.

"अहो, तुमच्या पत्राची ती जी दुसरी प्रत असते..."

"स्थळप्रत."

"तीच. काढा बघू."

आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा जावककाकांनी रवाना झालेला कागद वाचला. मोठ्याने वाचला, कारण काकूंचा चष्मा सापडत नव्हता.

"'एक माता म्हणून हे पत्र लिहिताना माझे अंतःकरण जड झाले आहे...'"

"कोण माता?"

"...'शिक्षण म्हणजे केवळ माहितीचे हस्तांतरण नव्हे, तर मूल्यांचे संवर्धन होय. अलीकडील सर्वेक्षणानुसार त्र्याहत्तर टक्के विद्यार्थ्यांनी वर्गात असत्याचे वाटप होताना पाहिले आहे...'"

"कुणी केलं सर्वेक्षण?"

"मी काय सांगू? 'माझे बाळ रात्री दचकून उठते व "आई, सत्य कुठे आहे?" असे विचारते...'"

"आपलं बाळ?" काकूंनी विचारलं. आपलं बाळ बेचाळीस वर्षांचं आहे, त्याला टक्कल पडलंय, आणि एकदा झोपलं की त्याला उठवायला दोन माणसं लागतात.

ध चा मा झाला, असं म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. इथे ध होता कुठे! अर्ध्या वाक्याला काकूंनी शेपूट लावलं, शेपटाला कारकुनाने हत्ती लावला, आणि त्या हत्तीवर काकांनी नंबर टाकला.

मग या गृहस्थाने काय करावं? पुन्हा फोन हातात! "माफीचं पत्र लिही," म्हणून सांगितलं. कारकुनाने ताबडतोब लिहिलं, 'एक माता म्हणून क्षमा हा माझा धर्म आहे, तरी मी त्या शिक्षिकेस क्षमा करते...'

काकूंनी फोन काढून घेतला आणि पिठाच्या डब्यात ठेवला. "पाय आहेत ना? उद्या चालत जा आणि तोंडाने सांगा."

"तोंडाने?"

"खातं तेवढंच काम करतं का ते?"

शनिवारी काका शाळेत गेले. 'पालकांचे स्वागत आहे' असा फळा होताच. आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर त्यांनी स्वतःला कसंबसं बसवलं. गुडघे बाकाच्या फळीखाली असे अडकले, की पळून जाण्याचा मार्गही बंद झाला. शेजारी चेअरमन. त्यांचं फरशांचं दुकान आहे. कधीतरी शाळेच्या व्हरांड्याला फरशी दिली, आणि तेव्हापासून त्यांना शिक्षणातलं कळतं. पलीकडे हेडबाई. पुढच्या बाकावर नात. तिने मागे वळून पाहिलं आणि आजोबांना बघून भुवया वर केल्या.

बाईंनी फळ्यावर तीन प्रश्न लिहिले. 'कुणी पाहिलं? त्यांना कसं कळलं? ताडून कुठे बघता येईल?' मग प्रत्येकाला पाच कागद वाटले. "यातले चार एआयने लिहिलेत आणि त्यांत खोटं मिसळलंय. एक माणसाने लिहिलाय, आणि तो खरा आहे. शोधा."

म्हणजे खोटं वाटत होत्या, हे खरंच होतं! काकांना क्षणभर बरं वाटलं. तेवढंच.

चेअरमननी आपली निवड मुलांच्या आधी, मोठ्याने जाहीर केली. "हा संमेलनाचा अहवाल माणसाचा. हृदयातून आलाय! आणि ही पाण्याच्या टाकीची नोंद मशीनची. इतकं रुक्ष कुणी माणूस लिहितो का?"

एक दोन वेण्यांची मुलगी उभी राहिली. "उलटं आहे, बाई. टाकीच्या नोंदीत लिहिलंय, 'टाकी धुतली. एक झाकण सापडत नाही. पाल निघाली. ती मेलेली नव्हती.' ती मेलेली नव्हती, हे मशीन कशाला सांगेल? ज्याच्या अंगावर ती आली, तोच सांगणार. आणि मी मधल्या सुट्टीत गच्चीवर जाऊन आले. झाकण अजून नाहीये."

दारातून शिपाईमामांचा आवाज आला, "अंगावरच आली होती!"

"आणि अहवाल?" बाईंनी विचारलं.

"त्यात आमच्या वर्गाचं नाटक रंगलं, असं लिहिलंय," मागचा एक मुलगा म्हणाला. "नाटक झालंच नाही. पहिल्या मिनिटाला पडदा पडला. माझ्या डोक्यावर. खूण आहे."

हेडबाई खाकरल्या. "तो माझाच अहवाल, एआयकडून लिहून घेतलेला. मीच दिला यात घालायला, मुद्दाम. बघू म्हटलं, मुलं ओळखतात का." (मुद्दाम दिला की पकडला गेल्यावर मुद्दाम ठरला, ते त्यांनाच ठाऊक.) काकांच्या डोक्यात मात्र लागलेलं दार उघडलं. त्यांचा तर अहवालच घातलाय! असं होतं होय ते वाक्य!

चेअरमनना स्वतःची फजिती सहन होण्यासारखी नव्हती. ते उठले. "खेळ पुरे झाला. हे जरा वाचा, एका आईचं काळीज आहे हे!" आणि खिशातून काढलेलं ते दीड पान बाईंच्या हातात ठेवून ते परत बाकावर येऊन बसले.

बाईंनी वाचलं. ओठ पांढरे पडले. बाईंना रडता आलं असतं, चिडता आलं असतं. त्यांनी खडू उचलला, फळ्यावरच्या तीन प्रश्नांखाली एक रेघ मारली आणि म्हणाल्या, "मुलांनो, हा सहावा कागद. माझ्याबद्दल आहे म्हणून मला सोडू नका, आणि पत्रालाही सोडू नका."

त्यांनी पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. आवाज एकदाच हलला, 'बाळ दचकून उठते' या ठिकाणी.

मग तो कागद बाकांवरून फिरवला, आणि मुलं त्या पत्रावर तुटून पडली.

"त्र्याहत्तर टक्के म्हणजे किती? आम्ही चाळीस आहोत. एकोणतीस पूर्णांक दोन मुलं होतात. ती पूर्णांक दोन कोण?"

"आम्हाला कुणीच विचारलं नाही!"

"'सत्य कुठे आहे' असं कुठलं बाळ विचारतं? आमचं बाळ फक्त दूध मागतं."

"बाळ दचकून उठतं तर ते आठवीत कसं?"

"बाई, पूर्ण मशीनचं आहे. सही सोडली तर एकच गोष्ट माणसाची. तो खाली हाताने लिहिलेला नंबर. एकशे चौदा."

नात उठली. तिने ते गांडूळ कधीच ओळखलं होतं. गेली कित्येक वर्षं तिच्या प्रगतिपुस्तकावर तेच सरपटत होतं. कान लाल झाले होते तिचे. "बाई, हे कुणी पाठवलं ते मला माहितीये. पण त्यांचं नाव सांगून पत्र खरं-खोटं ठरत नाही ना?"

"नाही ठरत," बाई म्हणाल्या.

"मग मी बसते."

आता मात्र काका उठले. म्हणजे उठायला गेले. गुडघ्यांबरोबर बाकही उठला, आणि बाकाबरोबर चेअरमनही चार बोटं वर गेले.

"ती माता," काका म्हणाले, "मी आहे."

सगळा वर्ग काकांच्या मिशीकडे बघू लागला.

"तुम्ही?" चेअरमन किंचाळले.

बाईंनी फक्त फळ्याकडे बोट केलं. दोन वेण्यांच्या मुलीला तेवढं पुरलं.

"आजोबा, तुम्ही पाहिलं?"

"नाही. ऐकलं."

"पूर्ण ऐकलं?"

"मध्येच दार लागलं."

"मग दाराच्या पुढचं कुणाचं?"

"आमच्या हिचं."

"आणि हे दीड पान?"

"त्या फोनमधल्या कारकुनाचं."

"मग यात तुमचं काय आहे?"

काकांनी विचार केला. प्रामाणिकपणे केला. "नंबर," ते म्हणाले.

हशा असा उसळला, की शिपाईमामा पुन्हा पाल निघाली समजून झाडू घेऊन आत आले. हसू ओसरल्यावर काका बाईंकडे वळले. हात जोडायला गेले, पण बाक सोडला तर तो खाली आपटला असता, म्हणून तो धरूनच म्हणाले, "बाई, चुकलं. तुमचं दार समोरच होतं. पाच पाकिटं चिकटवली, पण एक बेल वाजवली नाही."

बाईंनी खडू खाली ठेवला. "बसा, काका," त्या म्हणाल्या. "चेअरमनसाहेब पडतील."

चेअरमन सावरून बसले. "मला वाचतानाच संशय आला होता," त्यांनी जाहीर केलं.

"मग डोळ्यांत पाणी?" पुढच्या बाकांवरून कुणीतरी विचारलं.

"धूळ होती," चेअरमन म्हणाले. "तास चालू ठेवा. पुढच्या वर्षीही. चांगला आहे. मी आधीपासूनच म्हणत होतो." (ते काय म्हणत होते ते पालक संघाला माहीत आहे, कारण त्यांच्या त्या शेऱ्याचीही प्रत गेली होती.)

हेडबाई म्हणाल्या, "बाईंच्या नेमणुकीचं पत्र सोमवारी काढते." आणि काकांकडे बघून जोडलं, "जावक नंबर आमचा आम्ही टाकू."

हे सगळं मला नातीने सांगितलं, मग शिपाईमामांशी ताडून पाहिलं, आणि बाकाचं तेवढं मी संध्याकाळी काकांच्या गुडघ्यांवर स्वतः पाहिलं. चांगले दोन निळे चट्टे होते. पूर्वी मी एवढी चौकशी करत नसे. कानात आणि डोळ्यांत चार बोटांचं अंतर, हे आम्ही लहानपणी शिकलो आणि मोठेपणी मोरीच्या खिडकीत विसरलो.

काका घरी आले तेव्हा त्यांची किल्ली पुन्हा समोरच्या घरी पोचली होती. बाईंनी स्वतः येऊन ती काकूंकडून परत नेली होती. चहा न घेता, पण नेली होती.

"एवढं हसले सगळे," काका खुर्चीत टेकत म्हणाले, "पण एक आहे. अख्ख्या पत्रात एक तरी गोष्ट अस्सल निघाली. पोरांनीच कबूल केलं. नंबर माझा होता, माझ्या हातचा."

काकूंनी जावकची वही उघडली. बोट खाली आणलं, थांबवलं, आणि वही नवऱ्यापुढे सरकवली.

एकशे चौदाच्या पुढे काकूंच्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'लाँड्रीवाला. निळ्या शर्टाचं बटण परत पाठवणे.'

काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. बटणच होतं.